तडीपारीची नोटीस हातात पडली तर काय करायचं?

माझ्या धाकट्या भावाला हद्दपारीची नोटीस आली ती गणपतीच्या तोंडावर. पोलीस शिपाई दारात उभा, आई अंगणात गहू निवडत बसलेली, आणि भाऊ टेम्पो घेऊन मार्केट यार्डात गेलेला. संध्याकाळी त्याने सही करून पाकीट घेतलं. आतली चार पानं आम्ही सगळ्यांनी दोनदोनदा वाचली, तरी दोन जिल्ह्यांतून दोन वर्षांसाठी बाहेर जावं लागू शकतं, एवढंच कळलं.

पुढचे अकरा महिने आम्ही उत्तर, सुनावणी, आदेश, अपील आणि शेवटी हायकोर्ट असे काढले. त्यातले सात महिने भाऊ घराबाहेर होता. हायकोर्टाच्या निकालांशी आपला काय संबंध, असं मला तोवर वाटायचं. पण त्या चार पानांत काय असलंच पाहिजे आणि काय नसेल तर आदेश कोसळतो, हे कोर्टाच्या जुन्या निकालांनीच ठरवून ठेवलेलं आहे. ते आम्हाला पहिल्या दिवशी माहीत असतं, तर निदान दोन चुका टळल्या असत्या. तुमच्यावर ही वेळ आली तर त्या टळाव्यात म्हणून हे लिहिते आहे. मी वकील नाही. वकील कराच, पण त्यांच्यासमोर बसाल तेव्हा कोरे बसू नका.

१. आधी कागद कोणता आहे ते ओळखा

पोलिसांकडून आलेल्या प्रत्येक कागदाला लोक ‘तडीपारीची नोटीस’ म्हणतात. प्रत्यक्षात तीन वेगळ्या गोष्टी असतात.

पहिली चॅप्टर केस. यात चांगल्या वर्तणुकीचं बंधपत्र मागतात, गाव सोडावं लागत नाही. दुसरी एमपीडीए, म्हणजे १९८१ च्या कायद्याखालची स्थानबद्धता. यात माणसाला थेट तुरुंगात ठेवतात, तेही एक वर्षापर्यंत, आणि ते प्रकरण सल्लागार मंडळासमोर जातं. तिची वाट पूर्ण निराळी आहे.

तिसरी हद्दपारी. नोटिशीत ‘महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१’ आणि कलम ५५, ५६ किंवा ५७ लिहिलेलं असेल तर ही ती. कलम ५५ टोळीसाठी, कलम ५७ आधी शिक्षा झालेल्यांसाठी आणि कलम ५६ एकट्या माणसासाठी, ज्याच्या हालचालींमुळे लोकांना भीती किंवा इजा होते असं पोलिसांचं म्हणणं असतं. बहुतेकांना येते ती ५६ ची, भावालाही तीच आली होती. कलमापुढचा (अ) किंवा (ब) सुद्धा टिपून ठेवा. पुढे त्यावर बरंच अवलंबून असतं.

२. सरकारचा हात कुठवर पोचतो, ते समजून घ्या

हा भाग कंटाळवाणा वाटेल, पण टाळू नका. सगळी लढाई यावर उभी राहते.

भारतात कुठेही फिरण्याचा आणि कुठेही राहण्याचा हक्क घटनेच्या कलम १९ ने दिला आहे. त्यावर वाजवी बंधनं घालायची मुभाही त्याच कलमात आहे. ‘वाजवी’ म्हणजे किती, एवढाच प्रश्न गेली सत्तर वर्षं कोर्टात चालला आहे. १९५२ साली मुंबई शहराच्या जुन्या पोलीस कायद्यातली तडीपारी सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरवली. १९५६ मध्ये आत्ताच्या कायद्याची कलमं ५६ आणि ५७ सुद्धा टिकली. म्हणून ‘हा कायदाच चुकीचा आहे’ असा मुद्दा घेऊन जाऊ नका. ती वाट तेव्हाच बंद झाली. तुमचा झगडा कायद्याशी नसतो, तुमच्यावर तो कसा वापरला त्याच्याशी असतो.

याच कायद्याचं कलम ६१ म्हणतं की हद्दपारीच्या आदेशाला कोर्टात फक्त तीन कारणांवर आव्हान देता येईल. कलम ५९ ची कार्यपद्धती पाळली नाही, हे एक. आदेशाला आधार देईल असं काहीच साहित्य अधिकाऱ्यासमोर नव्हतं, हे दुसरं. आणि ५६ खालचा आदेश असेल तर साक्षीदार उघडपणे पुढे यायला तयार नाहीत असं अधिकाऱ्याचं मतच झालेलं नव्हतं, हे तिसरं. घटनेच्या कलम २२६ खालचा हायकोर्टाचा अधिकार मात्र विधिमंडळाच्या साध्या कायद्याने काढून घेता येत नाही. त्या अधिकाराच्या बळावर हायकोर्टाने या तीन फटींच्या हळूहळू खिडक्या केल्या.

त्यात दोन्ही बाजूंचे निकाल आहेत. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला न्यायमूर्ती यशवंत चंद्रचूड यांनी लिहिलेल्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की नोटिशीत आरोपांचं सर्वसाधारण स्वरूप दिलं तरी पुरे. साक्षीदारांची नावं, नेमक्या तारखा द्यायची गरज नाही, कारण घाबरलेल्या साक्षीदाराचं रक्षण करणं हाच तर या कायद्याचा हेतू आहे. आदेशही कोर्टाच्या निकालासारखा सविस्तर नको. हा निकाल आजही सरकारी वकील वाचून दाखवतात. तो तुमच्या विरोधात जाणार हे धरून चला.

त्याच्या समोर दिल्लीचं एक प्रकरण ठेवा. १९८० साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्यासमोर एक फेरीवाला आला. पोलिसांनी त्याला हजारो खटल्यांत साक्षीदार म्हणून उभं केलं होतं आणि आता साक्ष द्यायला नकार दिला म्हणून तडीपार करायला निघाले, असं त्याचं म्हणणं होतं. पोलिसांना नुसती धास्ती वाटते म्हणून कुणाला घरादारातून उठवता येणार नाही, असं कोर्टाने बजावलं.

आणि २०२२ चा जालन्याचा निकाल. तो तर अख्खा वाचा. एका माणसाला जालना जिल्ह्यातून दोन वर्षांसाठी हद्दपार केलं होतं, हायकोर्टाने त्याची याचिका फेटाळली होती, आणि सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती अजय रस्तोगी व अभय ओक यांच्या पीठाने तो आदेश रद्द केला. हद्दपारी हा असाधारण उपाय आहे, त्यामुळे माणूस स्वतःच्या घरात स्वतःच्या माणसांबरोबर राहू शकत नाही, त्याची रोजीरोटीही जाऊ शकते, म्हणून तो जपून वापरला पाहिजे, हे त्यात स्वच्छ लिहिलं आहे. आमच्या वकिलांनी हा परिच्छेद वाचून दाखवला तेव्हा आईने विचारलं, “हे कोर्टानं लिहिलंय?” तिला वाटलं होतं आमच्या अर्जातला आहे.

३. पेन्सिल घ्या आणि नोटीस वाचा

आमच्या नोटिशीत एक तक्ता होता. अनुक्रमांक, पोलीस ठाणे, गुन्हा रजिस्टर नंबर, कलम, सद्यस्थिती असे रकाने आणि चार ओळी. तीन गुन्हे ग्रामपंचायत निवडणुकीतल्या भांडणाचे, सहासात वर्षांपूर्वीचे. चौथा त्याच वर्षातला, टेम्पो लावण्यावरून झालेल्या हाणामारीचा. खाली ‘साक्षीदार अ’ आणि ‘साक्षीदार ब’ यांच्या गोपनीय जबाबांचा गोषवारा होता.

वकिलांनी दुसऱ्या ओळीच्या सद्यस्थितीवर पेन्सिल टेकवली. तिथे ‘न्यायप्रविष्ट’, म्हणजे खटला अजून कोर्टात चालू आहे, असं लिहिलं होतं. त्या खटल्यातून भाऊ निर्दोष सुटून दोन वर्षं झाली होती, आणि निकालाची सर्टिफाइड नक्कल आमच्या कपाटात पडून होती. आम्ही चार वेळा ती ओळ वाचली होती, पण ‘न्यायप्रविष्ट’चा अर्थ डोक्यात शिरला नव्हता.

तुम्ही हे प्रश्न घेऊन वाचा:

गुन्हे किती जुने आहेत? जुन्या गुन्ह्यांचा आजच्या कारवाईशी जिवंत धागा उरला नसेल तर कोर्ट ते बाजूला ठेवतं. जालन्याच्या प्रकरणात हेच झालं. शेवटचा गुन्हा आणि नोटीस यांच्यातले महिने मोजा, तसेच नोटीस आणि आदेश यांच्यातलेही. पोलिसांचा हद्दपारीचा प्रस्ताव महिनोन्महिने पडून राहिला असेल तर इतकी निकड होती कुठे, हा प्रश्न उभा राहतो.

गुन्हे कायद्यात बसतात का? कलम ५६ (१)(ब) ला बळजबरी किंवा हिंसेचा गुन्हा लागतो, किंवा भारतीय दंड संहितेच्या (जुलै २०२४ पासून तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आहे) १२, १६ किंवा १७ या प्रकरणांतला. जुगार किंवा दारूबंदीच्या केसेस तक्त्यात घालून यादी लांबवलेली दिसली तर त्या ओळींवर खूण करा.

साक्षीदार पुढे यायला तयार नाहीत, हे नोटिशीत म्हटलं आहे का? गुन्ह्यांत फिर्यादी आणि साक्षीदार उघडपणे जबाब देत असतील, खटल्यात साक्षी झाल्या असतील, तर ‘कुणी बोलायला धजत नाही’ हे विधान कागदावरच खोटं पडतं.

किती भाग? गुन्हे एकाच पोलीस ठाण्याच्या हद्दीतले आणि हद्दपारी दोन-तीन जिल्ह्यांतून, असं असेल तर कारण हवं. लगतचे जिल्हे जोडायचा अधिकार कायद्यात आहे, पण गरजेपेक्षा मोठा भाग जोडलेले आदेश मुंबई हायकोर्टाने वारंवार रद्द केले आहेत.

किती काळ? कायद्यात दोन वर्षं ही कमाल मर्यादा आहे. कमाल काळासाठी घालवायचं तर तेवढाच काळ का हवा, याचा विचार आदेशात दिसला पाहिजे, असं २०२२ च्या निकालाने सांगितलं. हा प्रश्न आदेश हातात आल्यावर पुन्हा विचारा.

४. कागद जमवा

– नोटीस, आणि ती मिळाल्याची तारीख (पाकिटावरच लिहून ठेवा)
– तक्त्यातल्या प्रत्येक गुन्ह्याचा एफआयआर, दोषारोपपत्र, जामिनाचा आदेश, निकाल झाला असेल तर सर्टिफाइड नक्कल
– रोजगाराचा पुरावा: वाहनाचे कागद, दुकानाचा परवाना, सातबारा, पगाराची चिठ्ठी, जे असेल ते
– घरची परिस्थिती: रेशन कार्ड, मुलांच्या शाळेचे दाखले, आजारी माणसाचे दवाखान्याचे कागद
– तुमच्या बाजूने बोलायला तयार असलेल्यांची नावं आणि पत्ते
– एक वही. कुणाला कधी भेटलो, काय दिलं, पोच मिळाली का, सगळं तारखेनिशी.

निकालाच्या नकलेला वेळ लागतो, म्हणून तो अर्ज त्याच दिवशी करा.

५. उत्तर लेखी द्या आणि सुनावणीला वकील न्या

ही आमची पहिली चूक. “साहेबांना भेटून सांगा, मिटेल,” असं गावातल्या एका जाणत्याने सांगितलं. भाऊ एकटा गेला, तोंडी बोलून आला, आणि कागदावर फक्त ‘हजर, म्हणणे ऐकले’ अशी नोंद उरली. सुदैवाने पुढची तारीख मिळाली.

कलम ५९ ने दिलेले हक्क नीट माहीत करून घ्या. आरोपांचं सर्वसाधारण स्वरूप लेखी कळवलंच पाहिजे. उत्तर द्यायला वाजवी संधी दिलीच पाहिजे. तुमचं लेखी म्हणणं दप्तरात लागलंच पाहिजे. वकिलामार्फत हजर राहता येतं. आणि स्वतःचे साक्षीदार तपासून घ्यायचा अर्ज करता येतो. केवळ त्रास देण्यासाठी किंवा वेळ काढण्यासाठी अर्ज केला आहे असं वाटलं तरच तो नाकारता येतो, तेही कारण लिहून. हा शेवटचा हक्क फार कमी लोक वापरतात. आम्ही दोन शेजारी आणि मार्केट यार्डातले एक हमाल मामा यांची नावं दिली. त्या अर्जावर काहीच निर्णय झाला नाही, आणि हायकोर्टात हाच आमचा सर्वांत भक्कम मुद्दा ठरला. म्हणून अर्ज लेखी करा आणि पोचेचा शिक्का घेतल्याशिवाय टेबलापासून हलू नका.

चौकशी बहुतेकदा उपविभागीय पोलीस अधिकारी किंवा सहायक आयुक्त करतात. आदेश ग्रामीण भागात प्रांताधिकारी काढतात, आयुक्तालयात पोलीस उपायुक्त. चौकशी एकाने केली आणि आदेश दुसऱ्याने, तरी आदेश काढणाऱ्याने स्वतः डोकं चालवलेलं दिसलं पाहिजे. पोलीस ठाण्याच्या प्रस्तावातले परिच्छेद जसेच्या तसे आदेशात उतरले असतील तर दोन्ही कागद शेजारी ठेवून रेघा मारा.

वकिलाची फी झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, किंवा १५१०० वर फोन करा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, औद्योगिक कामगार आणि ठरावीक मर्यादेखाली उत्पन्न असणारे, या सगळ्यांना मोफत वकील मिळू शकतो. हायकोर्टासाठीही अशी समिती आहे.

६. आदेश निघाला तर हद्द सोडा

मन कितीही पेटलं तरी सोडा. आदेश चुकीचा आहे असं तुम्हाला वाटणं आणि कोर्टाने तो रद्द करणं यांत महिने जातात, आणि मधल्या काळात हद्दीत सापडलात तर कलम १४२ खाली नवा गुन्हा दाखल होतो. त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आहे. शिवाय तो गुन्हा पुढच्या तक्त्यातली नवी ओळ बनतो. रात्री लेकराला बघायला आलेली माणसं अशीच अडकतात.

लग्न, आजारपण, मयत यासाठी तात्पुरती परवानगी मागता येते. लेखी मागा, आणि परवानगी हातात आल्यावरच या. जुन्या खटल्यांच्या तारखांना यायची सोय आदेशात दिली आहे का ते वाचा. असेल तर अटी पाळा, नसेल तर वेगळा अर्ज करा. तारीख चुकली तर त्या कोर्टाचं वॉरंट निघेल.

भाऊ शेजारच्या जिल्ह्याच्या पलीकडे एका ओळखीच्यांकडे राहिला. दर रविवारी मी पहिल्या एसटीने डबा घेऊन जायचे आणि आम्ही स्टँडच्या बाकावर बसून जेवायचो. टेम्पोचे हप्ते थकले. पाच गुन्ह्यांत दोषी ठरलेला माणूसही शिक्षा किती हे जाणून तुरुंगात जातो. इथे दोष ठरलेलाच नव्हता. कोर्ट या कायद्याकडे एवढ्या काटेकोरपणे का बघतं, ते मला त्या बाकावर कळलं.

७. अपील: तीस दिवस

कलम ६० खाली राज्य शासनाकडे तीस दिवसांत अपील करता येतं. व्यवहारात ते बऱ्याच ठिकाणी विभागीय आयुक्तांसमोर चालतं. दिवस आदेशाच्या तारखेपासूनच धरा, म्हणजे वाद उरणार नाही. अपिलासोबत स्थगितीचा अर्ज जोडा.

अपील वगळून थेट हायकोर्टात धावलात तर ‘आधी तिकडे जा’ असं ऐकावं लागू शकतं. पण अपिलात सगळे मुद्दे घाला. आमची दुसरी चूक इथली. भागाचा मुद्दा, म्हणजे दोन जिल्हे कशाला, आम्ही अपिलात लिहिलाच नाही. पुढे हायकोर्टात सरकारी वकिलांनी लगेच बोट ठेवलं.

८. हायकोर्ट

याचिका घटनेच्या कलम २२६ आणि २२७ खाली, क्रिमिनल रिट पिटिशन म्हणून. कुठे दाखल करायची ते जिल्ह्यावर ठरतं: मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, आणि ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचं सर्किट बेंच, जिथे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे येतात. कोर्टाचं काम इंग्रजीत चालतं. मराठी कागदांचं भाषांतर लागेल का, हे वकिलांना पहिल्याच भेटीत विचारा, नाहीतर ऐन वेळी धावपळ होते.

एक अपेक्षा घरी ठेवून जा. तुम्ही चांगले की वाईट, हे हायकोर्ट ठरवत नाही. पुरावा पुरेसा होता का, हेही सहसा तोलत नाही. आधाराला काही होतं का, अधिकाऱ्याने कायद्याला हवं ते मत बनवलं का, संधी दिली का, बंधन गरजेपुरतं आहे का, एवढंच बघतं. भावाच्या स्वभावावर आम्ही दोन पानं लिहून नेली होती. वकिलांनी ती बाजूला ठेवली आणि साक्षीदारांच्या अर्जावरचा पोचेचा शिक्का वर घेतला.

मुद्दे थोडे ठेवा. आमचे तीन होते: साक्षीदार तपासायच्या अर्जावर निर्णयच नाही, सुटलेला गुन्हा प्रलंबित दाखवला, आणि दोन वर्षं का याबद्दल आदेशात एक ओळही नाही. प्रत्येकाखाली एक निकाल.

निकाल तुम्हालाही शोधता येतात. मुंबई हायकोर्टाच्या संकेतस्थळावर ते मोफत उतरवून घेता येतात. अलीकडच्या निकालांवर वर्ष, ‘बीएचसी’ आणि पीठाची अक्षरं असलेला क्रमांक असतो. तो टिपून वकिलांना द्या. शोधताना आपल्या कलमाचा, आपल्यासारख्या घटनेचा आणि शक्यतो अलीकडचा निकाल बघा. ज्यात याचिका फेटाळली तेही दोन वाचा, समोरची बाजू काय म्हणणार ते आधीच कळतं.

अंतरिम स्थगिती पहिल्याच तारखेला मागा. हद्दपारीचा काळ संपून गेला की याचिकेला व्यवहारात अर्थ उरत नाही, त्यामुळे लवकर सुनावणीचा आग्रह धरायला संकोचू नका.

९. आदेश रद्द झाल्यावर

कोर्टात निकाल ऐकला की लगेच गाडीत बसून घरी निघू नका. आम्ही वकिलांच्या सांगण्यावरून थांबलो. निकाल संकेतस्थळावर चढला, त्याची प्रत पोलीस ठाण्यात आणि प्रांत कार्यालयात दिली, दोन्ही ठिकाणी पोच घेतली, आणि मगच भावाने हद्द ओलांडली. त्यानंतर महिन्याभरात रात्रीच्या नाकाबंदीत त्याला एकदा अडवलं, कारण यादीतून नाव निघालं नव्हतं. टेम्पोच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात निकालाची झेरॉक्स होती, म्हणून दहा मिनिटांत सुटला. ती अजून तिथेच आहे, प्लॅस्टिकच्या पिशवीत, विम्याच्या कागदाच्या वर.